‘जनरेटेड’मधला ‘रेट’

काकांचा फोन आला तेव्हा मी चक्क खुशीत होते. मंगळवारचे पावणेअकरा वाजलेले, चहा अजून गरम, आणि इनबॉक्समध्ये न वाचलेले मेल अवघे बावीस. एरवी इतका कमी आकडा मला फक्त दिवाळीच्या सुट्टीत दिसतो.

“मॅडम, त्या चाकणवाल्यांचा बॉक्स कधी लागणार म्हणालात?”

“उद्या, काका. बुधवारी जहाज आहे.”

“मग हा इथं कोण उभाय? मी दुसऱ्या बॉक्सचं बघायला सीएफएसच्या यार्डात आलो, तर यादीत याचा नंबर. रविवारी उतरलाय म्हणतात.”

मी म्हटलं, कंटेनरचा नंबर परत वाचा. त्यांनी वाचला. चार अक्षरं, सात आकडे, एकही चुकीचा नाही.

आमचं ऑफिस बेलापूरला. काम कस्टम्स ब्रोकरचं. जुनी मंडळी अजून सीएचए म्हणतात. न्हावाशेवाला उतरलेला माल सोडवायचा. म्हणजे पार्टीकडून (माल मागवणाऱ्याकडून) कागद जमवायचे, बिल ऑफ एंट्री म्हणजे बीई, आयात मालाचा कस्टम्सचा फॉर्म, भरायची, अधिकाऱ्याची क्वेरी आली तर उत्तर द्यायचं, ड्युटी भरून घ्यायची, शिपिंग लाइनकडून डिलिव्हरी ऑर्डर (डीओ) काढायची आणि बॉक्स गेटबाहेर न्यायचा. काका एच-कार्डवाले, म्हणजे कस्टम्सचं ओळखपत्र असलेले; बंदरातली आणि यार्डातली पायपीट त्यांची. मी टेबलावरची, सतरा वर्षं. पूर्वी यातलं निम्मं काम रांगेत उभं राहून व्हायचं. आता सगळं मेलवर. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाउन चालू असताना, आउट ऑफ चार्जची, म्हणजे कस्टम्सने माल सोडल्याची प्रत आणि गेटपाससुद्धा पीडीएफ होऊन मेलवर यायला लागले. काका तेव्हा म्हणाले होते, “आता बंदर तुमच्याच टेबलावर आलं, मॅडम. मी कशाला हवा?”

टेबलावर बंदर आलं, पण त्याच्याबरोबर बंदरावरचा कचराही आला. एका बॉक्समागे पंधरावीस मेल सहज होतात. त्यात प्रत्येकाला ‘रिप्लाय ऑल’ करायची खोड. ‘नोटेड विथ थँक्स’ एवढंच लिहिलेला मेल अकरा जणांना जातो. महिनाअखेर आणि पंधरवड्याला लाइन्स आणि फॉरवर्डर यांची नव्या भाड्याची पत्रकं येतात, ती वेगळीच. ती माझ्या काही उपयोगाची नसतात. भाडं पार्टी ठरवते, मी फक्त माल सोडवते.

आदल्या गुरुवारी संध्याकाळी न वाचलेले मेल चारशेत्रेसष्ट होते. त्यात कुठेतरी एक क्वेरी लपली होती, ती मला चार तास उशिरा दिसली. वैतागून मी ठरवलं, आज घरी उशीर झाला तरी चालेल, आउटलूकचे रूल्स लावूनच उठायचं. एकेक करत सात रूल्स केले. बँकेचे मेल एका फोल्डरमध्ये, ट्रान्सपोर्टवाल्यांचे एकात. जहाज कधी लागणार ते कळवणाऱ्या अरायव्हल नोटिससाठी तर मी खास बंदोबस्त केला: विषयात ते शब्द दिसले की स्क्रीनवर मोठी खिडकी उघडून सूचना यावी. आणि सगळ्यात शेवटी भाड्याच्या पत्रकांचा बंदोबस्त. त्यांच्या विषयात दर वेळी वेगळंच काही लिहिलेलं असतं, कधी ‘प्राइस अनाउन्समेंट’, कधी नुसतं ‘जीआरआय’, म्हणजे भाडेवाढ. पण आत मजकुरात ‘रेट’ हा शब्द हमखास असतोच. म्हणून अट घातली: विषयात किंवा मजकुरात ‘रेट’ दिसला, की मेल ‘रेट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये टाका. संपलं.

शुक्रवारी सकाळी इनबॉक्स असा शांत, की मी ज्युनिअरला बोलावून दाखवला. डाव्या बाजूला ‘रेट्स’समोर जाड अक्षरात आकडा वाढत होता. महिनाअखेरच होती. तिला म्हटलं, “बघ किती कचरा बाजूला गेला.” सोमवारी तो आकडा अडीचशेच्या पुढे गेलेला होता आणि मला तो माझ्या हुशारीचा स्कोअर वाटत होता.

खरं तर सोमवारीच शहाणं व्हायला हवं होतं. भिवंडीच्या एका पार्टीचा फोन आला, मेल टाकलाय, उत्तर नाही. मी शोधला, इनबॉक्समध्ये नाही. म्हटलं, आला नाही, परत पाठवा. त्यांनी परत पाठवला, तोही आला नाही. मी त्यांना काय सांगितलं असेल? “तुमचा सर्व्हर बघून घ्या.” शेवटी बिचाऱ्यांनी कागद व्हॉट्सॲपवर पाठवले.

तर, मंगळवार. काकांचा फोन कानाला असतानाच ज्युनिअर खुर्ची फिरवून म्हणाली, “मॅम, चाकणची बीई भरायला घेतली. आयजीएम बघायला आइसगेट उघडलं तर इनवर्ड रविवारचं दाखवतंय.”

आइसगेट म्हणजे कस्टम्सची वेबसाइट, आयजीएम म्हणजे जहाजावरच्या मालाची यादी आणि इनवर्ड म्हणजे जहाज आल्याची नोंद. आता यात घोळ काय होता ते सांगते. २०२१ च्या बजेटपासून नियम असा की जहाज लागायच्या आदल्या दिवसापर्यंत बीई भरलेली हवी, सुट्टी असली तरी. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोजचे ५,००० रुपये, पुढे रोजचे १०,०००. आमच्या हिशेबात जहाज बुधवारी, म्हणून बीई मंगळवारी. त्याआधी भरता आली असती, पण पार्टीच्या इन्व्हॉइसमध्ये वजन चुकलं होतं आणि सुधारलेला इन्व्हॉइस शनिवारी सकाळी आला. जहाज रविवारी लागतंय हे माहीत असतं तर शनिवारी दुपारीच भरून मोकळे झालो असतो.

घाईघाईत बीई भरली. ती कुठे न अडकता सुटली, आणि चलनात ड्युटीच्या खाली वेगळी ओळ: १५,००० रुपये.

मी लाइनच्या माणसाला फोन लावला, बऱ्यापैकी चढ्या आवाजात. जहाज तीन दिवस आधी आणता आणि कळवत नाही? तो शांतपणे म्हणाला, मॅडम, जहाजाने मुंद्रा ओमिट केलं, थेट न्हावाशेवाला आलं. रिव्हाइज्ड अरायव्हल नोटिस शुक्रवारी रात्री नऊ वाजून बारा मिनिटांनी गेली आहे, तुमच्याच आयडीवर.

फोन ठेवला. कोण जाणे कसा, पण हात आपोआप ‘रेट्स’वर गेला. तीनशेअठरा मेल. शुक्रवार, नऊ बारा. ती तिथेच होती.

पहिली भावना रागाची नव्हती, गोंधळाची होती. त्या नोटिसमध्ये भाड्याचा काही संबंधच नव्हता. जहाजाचं नाव, व्हॉयेज नंबर, तारीख, बॉक्सचा नंबर, बस. तीनदा वाचली. आउटलूकच्याच शोधपट्टीत ‘रेट’ टाकून शोधलं, तर ही नोटिस त्यात येईचना! म्हणजे शोधणारा म्हणतोय शब्द नाही, आणि रूल म्हणतोय आहे. सिस्टीमवाला आमच्याकडे फक्त गुरुवारी येतो. ज्युनिअर म्हणाली, “नोटपॅडमध्ये टाकून कंट्रोल-एफ करून बघू का?” तिने तसं केलं, आणि कर्सर अगदी शेवटच्या ओळीवर जाऊन थांबला. तीच ओळ, जी जगात कोणी वाचत नाही: ‘धिस इज अ सिस्टीम जनरेटेड मेल, प्लीज डू नॉट रिप्लाय.’

जनरेटेड. ज, न, आणि मग निळ्या रंगात उठून दिसणारा ‘रेट’.

आउटलूकच्या रूलला शब्द कळत नाही, त्याला अक्षरांची माळ कळते. दिलेली अक्षरं त्याच क्रमाने कुठेही सापडली, दुसऱ्या शब्दाच्या पोटात का असेना, की अट पुरी झाली. शोधपट्टीचं तसं नाही, ती शब्दाच्या सुरुवातीपासून बघते. एकाच प्रोग्रामच्या या दोन खिडक्या एकाच शब्दाकडे दोन तऱ्हांनी बघतात, हे सतरा वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

मग आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. सेपरेट. ऑपरेटेड. ॲक्युरेट. कॉर्पोरेट! भिवंडीवाल्यांच्या सहीखाली ‘कॉर्पोरेट ऑफिस’ म्हणून पत्ता असतो. त्यांचा सर्व्हर ठणठणीत होता. पुढचा शब्द ज्युनिअरने लिहिला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. रेफ्रिजरेटेड. आमच्याकडे एक रीफर बॉक्स येऊ घातला होता, फळांचा. त्यात एक दिवस गेला तर पंधरा हजारांवर भागत नाही. रीफरचे मेल शोधले, चार निघाले, चारही ‘रेट्स’मध्येच. जहाज अजून कोलंबोच्या अलीकडे नव्हतं आणि तारीख बदललेली नव्हती. तेव्हा कुठे मी गार झालेला चहा प्यायले.

पण अरायव्हल नोटिससाठी लावलेला तो मोठ्या खिडकीचा रूल? तो का नाही बोलला? याचं उत्तर मात्र मी त्याच दुपारी खणून काढलं, आणि ते जास्त लागलं. आउटलूकमध्ये नवा रूल यादीत सगळ्यात वर जाऊन बसतो. माझा ‘रेट’ शेवटी केलेला, म्हणून पहिला. आणि त्याच्या टोकाला, मी न वाचता ‘नेक्स्ट’ दाबत गेले तेव्हा, ‘यापुढचे रूल्स बघू नका’ ही खूण राहून गेलेली. म्हणजे एकदा मेल ‘रेट्स’मध्ये पडला की खालच्या सहा रूल्सना त्याचा पत्ताच नाही.

बरं, ही खूण काढली असती तरी? तरीही शुक्रवारी रात्री काही झालं नसतं. मेल फोल्डरमध्ये हलवण्याचं काम सर्व्हर करतो, माझा कॉम्प्युटर बंद असला तरी. खिडकी उघडण्याचं काम मात्र माझ्या कॉम्प्युटरवरचं आउटलूक चालू असेल तरच होतं. यादीत त्या रूलच्या नावापुढे कंसात ते लिहिलेलंही असतं. म्हणजे मेल लपवणारा पहारेकरी रात्रभर जागा, आणि ओरडणारा पहारेकरी ऑफिसला कुलूप लागलं की झोपलेला. फोनवर नोटिफिकेशन येतात, पण माझ्या फोनवर ती फक्त इनबॉक्सची.

चार वाजता साहेबांना सांगितलं. साहेब या धंद्यात मुंबईच्या जुन्या गोद्यांपासून आहेत. १९८९ मध्ये न्हावाशेवा सुरू झालं तेव्हा खाडी ओलांडून इकडे आले. मी आधीच तोंड पाडून गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला.

“लेट फी माफ करायला अर्ज करता येतो. पुरेसं कारण असलं तर अधिकारी बघतात.”

“कारण काय लिहू, साहेब?”

“खरं ते लिही.”

“जनरेटेड या शब्दात रेट सापडला म्हणून?”

ते हसले. बऱ्याच दिवसांनी त्यांना इतकं हसताना बघितलं. मग म्हणाले, “राहू दे. पार्टीच्या बिलात लावू नकोस, आपण भरू. पण तू हे सगळं बंद करणार असशील तर करू नकोस. चारशे मेल हाताने वाचत बसलीस तर एखादा असाही सुटेलच.”

खरं सांगायचं तर मी सगळे रूल्स उडवायच्याच बेतात होते. उडवले नाहीत, पण हात मात्र आखडता घेतला. मजकुरातल्या शब्दावर मेल हलवणारा एकही रूल आता ठेवलेला नाही. शब्दावरून फक्त रंग लागतो. भाड्याच्या पत्रकांना करडा, क्वेरीला लाल, आणि मेल जिथल्या तिथे. हलवायचंच तर पाठवणारा बघून, तेही अशांचं, ज्यांचा मेल आठवडाभर दिसला नाही तरी कोणाचा बॉक्स अडणार नाही. अशी नावं शोधली तर सहाच निघाली. बँकेला त्यात घेतलं नाही. आणि शनिवारी दुपारी ज्युनिअर आइसगेटवर पुढच्या आठवड्याची सगळी जहाजं एकदा बघते, मेल आलेला असो वा नसो. इनबॉक्स पुन्हा दोनअडीचशेच्या घरात असतो. रंगीबेरंगी दिसतो, इतकंच.

त्या संध्याकाळी दोघी साडेआठपर्यंत ‘रेट्स’ उपसत बसलो. तीनशेअठरापैकी खरोखर भाड्याची पत्रकं निघाली एकेचाळीस. बाकीच्यांत दोन डीओ, एका पार्टीची ड्युटी भरल्याची पावती, साहेबांच्या पुतण्याच्या लग्नाचं आमंत्रण (पाठवणारा कुठल्याशा कंपनीच्या कॉर्पोरेट ऑफिसात आहे), आणि भिवंडीवाल्यांचा तो मेल, दोन्ही वेळचा.

निघायच्या आधी मी लाइनला एक पत्र लिहिलं. जहाजाच्या तारखेत तीन दिवसांचा फरक पडत असेल तर नुसता मेल न टाकता एक फोन करावा, अशी विनंती. अगदी नम्र शब्दांत, कारण सकाळी आवाज चढला होता. ‘सेंड’ दाबून बॅग उचलली, तेवढ्यात उत्तर आलं, थेट इनबॉक्समध्ये. आपला मेल मिळाला आहे, संबंधित विभाग लवकरच संपर्क साधेल. खाली बारीक अक्षरात ती ओळ होतीच.