लाल ताऱ्याचा डाव संपतच नाही

दक्षिण गोलार्धात राहायला आल्यानंतरच्या पहिल्या जानेवारीत, म्हणजे तुमच्याकडे थंडी आणि येथे ऐन उन्हाळा असताना, मी रात्री मृग नक्षत्र शोधले आणि ते मला उलटे दिसले. लहानपणापासून वरच्या बाजूला पाहिलेला तांबूस काक्षी खाली होता आणि निळसर पांढरा राजन्य वर. पुढे आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या एका गटाला दर शनिवारी ताऱ्यांची ओळख करून देण्याचे काम मी आवडीने स्वीकारले, तेव्हा सुरुवात याच दोन ताऱ्यांपासून करायची हे मनाशी पक्के होते.

माझा पहिला खेळ प्रश्नोत्तरांच्या पत्त्यांचा होता. मुलांनी दोन आठवड्यांत सगळी उत्तरे पाठ केली, पण तापलेला तारा कोणत्या रंगाचा असेल असे विचारताच सर्वांनी एकमुखाने ‘लाल’ असेच सांगितले. गरम पाण्याच्या नळावरची खूण त्यांच्या मनात माझ्या पत्त्यांपेक्षा खोल रुजलेली होती. मग मी जुन्या पद्धतीचा, तारेचा दिवा आणला आणि त्याचा प्रवाह हळूहळू वाढवत नेला. आधी मंद तांबडा, मग पिवळा, मग पांढुरका होत गेलेला तो प्रकाश पाहिल्यावर काक्षीच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३,५०० केल्विन, सूर्याचे सुमारे ५,८०० आणि राजन्याचे सुमारे १२,००० केल्विन आहे, हे त्यांना पटवून द्यावे लागले नाही.

त्यावरून एक गोष्ट मला उमगली. मुलांना शिकवायचे ते खेळाच्या नियमातच असले पाहिजे. प्रश्नाच्या मागे लपवलेले उत्तर त्यांच्या फारसे उपयोगी पडत नाही.

म्हणून मी मण्यांचा खेळ तयार केला. मणी म्हणजे हायड्रोजन. (‘जळणे’ हा शब्द मी कटाक्षाने टाळते, कारण ताऱ्यात आग नसते, तेथे हायड्रोजनचे हेलियम होते, आणि एकटा सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन असा वापरतो.) फासा टाकून प्रत्येकाचा तारा ठरतो. लहान लाल ताऱ्याला चार मणी मिळतात, सूर्यासारख्याला दहा आणि जड निळ्या ताऱ्याला चाळीस. चाळीस मणी मिळालेले मूल साहजिकच आनंदाने उडी मारते. मात्र त्याला प्रत्येक फेरीत वीस मणी खर्च करावे लागतात, सूर्याला एक, आणि लाल ताऱ्याला दहा फेऱ्यांतून एकदाच एक. दुसऱ्या फेरीअखेर निळा तारा संपतो आणि खोलीत क्षणभर शांतता पसरते. सूर्याच्या दहापट वस्तुमानाच्या ताऱ्याचेही असेच असते. त्याच्याकडे इंधन दहापट, पण खर्च हजारो पटींनी अधिक. म्हणून सूर्य जेथे सुमारे १००० कोटी वर्षे टिकतो, तेथे तो तारा दोन-तीन कोटी वर्षांतच संपतो.

पहिल्या दिवशी असा लवकर बाद झालेला एक मुलगा रडवेला झाला. त्याचे रडणे योग्यच होते, कारण ताऱ्याच्या स्फोटाने गोष्ट संपत नाही आणि माझ्या खेळात मात्र ती संपत होती. आता स्फोट झाला की त्या खेळाडूने मधल्या वाटीत रंगीत मणी टाकायचे असतात, ऑक्सिजनचे आणि मॅग्नेशियमचे, आणि त्या वाटीतूनच नवा तारा घ्यायचा असतो. रंगीत मण्यांशिवाय कोणालाही खडकाळ ग्रह बांधता येत नाही. त्यामुळे निळा तारा केव्हा संपतो याची सगळी मुले आतुरतेने वाट पाहू लागली. निळ्या ताऱ्याच्या निळ्या पत्त्याची दुसरी बाजूही मी लाल रंगवली, कारण जड तारा अखेरीस फुगतो, पृष्ठभागावर थंडावतो आणि काक्षीसारखा दिसू लागतो.

तक्रार आली ती लाल ताऱ्याच्या मुलीकडून. तासभर खेळूनही तिचा डाव संपत नव्हता. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे आणि तेवढ्या काळात तिच्यासारखा एकही लहान तारा इंधन संपून विझलेला नाही, असे मी तिला सांगितले, तेव्हा तिने उरलेले मणी मुठीत घट्ट धरले.

गेल्या महिन्यात पालकांसह आम्ही अंधाऱ्या मैदानावर गेलो. मृग दिसताच एका मुलाने काक्षीकडे बोट दाखवून विचारले, ‘त्याच्याकडे किती मणी उरलेत?’ त्याचे वय सुमारे एक कोटी वर्षे, म्हणजे ४६० कोटी वर्षांच्या सूर्यापुढे तो अगदी कोवळा. तरीही येत्या लाखभर वर्षांत त्याचा स्फोट होईल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, असे मी सांगितले. ‘मग पत्ता उलटलेला आहे,’ तो म्हणाला.

लाल ताऱ्याच्या मुलीला तिचा तारा पाहायचा होता. दक्षिण क्षितिजालगत, त्रिशंकू तारकासमूहाच्या जवळ मित्र नावाचा तारा होता. सूर्यानंतरचा आपल्याला सर्वांत जवळचा तारा त्याच्याच सोबतीला आहे, फक्त ४.२४ प्रकाशवर्षांवर, आणि तो लहान व लाल असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, असे मी म्हटले. बाकीची मुले पुन्हा मृगाकडे वळली. ती मात्र मित्र ताऱ्याशेजारच्या त्या काळ्या जागेकडे पाहत उभी राहिली.