तुम्ही विचारलंत म्हणून : पिकअपला मोठे इंजिन हवे का?

इंजिने बसवून तपासतात त्या टेस्ट बेडवर माझ्या नोकरीची तीस वर्षे गेली, त्यामुळे पिकअप घ्यायला निघालेला नात्यातला किंवा सोसायटीतला माणूस एकदा तरी आमच्या कोथरूडच्या घरी येऊन जातो. प्रश्न बहुधा एकच असतो : "काका, १.९ लिटरचे इंजिन पुरेल, की २.८चेच घ्यावे?" म्हणजे इसुझूची व्ही-क्रॉस, की टोयोटाची हायलक्स. (लिटर म्हणजे इंजिनाच्या सर्व सिलिंडरांत मिळून मावणारी हवा.) पहिलीची शक्ती १६३ पीएस (म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती) आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ३६० न्यूटन-मीटर. दुसरीची शक्ती २०४ पीएस, आणि टॉर्क मॅन्युअलला ४२०, ऑटोमॅटिकला ५००. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना १.९ लिटर पुरते, असे माझे उत्तर असते. मात्र मोठ्या इंजिनाचा एक फायदा अगदी खरा आहे, आणि तो पीएसच्या आकड्यात दिसत नाही.

माझ्या भाच्याची भोरजवळ रोपवाटिका आहे. त्याच्या १.९ लिटरच्या गाडीतून आम्ही महाडहून हापूसची कलमे घेऊन वरंध घाट चढलो. हौद्यात ओल्या मातीच्या पिशव्यांचा अर्धा टन, आम्ही दोघे आणि गाडी असे सारे मिळून साधारण २,६०० किलो वजन होते. दहास एक असा चढ ताशी ४० किलोमीटर वेगाने चढायला एवढ्या वजनाला, टायरांचा रोध आणि गिअरमध्ये वाया जाणारी शक्ती धरूनही, सुमारे ५० पीएस लागतात. १६३ पीएसच्या इंजिनाची दोन-तृतीयांशांहून अधिक शक्ती तेव्हा शिल्लक असते. म्हणून 'घाटात गाडी कमी पडेल' ही भीती मला पटत नाही.

तरीही एका आवळ वळणावर गाडी दबलीच. भाच्याने तिसरा गिअर तसाच ठेवला होता, इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला १,२०० च्या आसपास उतरल्या होत्या, आणि त्याने पाय पूर्ण दाबल्यावरही क्षणभर काहीच घडले नाही. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा, आणि तो फिरतो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूवर. फेऱ्या कमी असतील तर वायू कमी, आणि टर्बोचा दाब तयार होईपर्यंत इंजिन स्वतःच्या सिलिंडरांत मावेल तेवढ्याच हवेवर चालते. २.८ लिटरच्या इंजिनात ही हवा जवळजवळ दीडपट असते. व्ही-क्रॉसला पूर्ण टॉर्क २,००० फेऱ्यांना मिळतो, तर मॅन्युअल हायलक्सला १,४०० पासून. मोठ्या इंजिनाचे पैसे खरे तर या सहाशे फेऱ्यांसाठी मोजायचे असतात. पुढच्या वळणाआधी मी भाच्याला दुसरा गिअर टाकायला लावला आणि गाडी विनातक्रार चढली. पण रोज भरलेली गाडी घाटात न्यायची असेल, आणि चालक वेळेवर गिअर न बदलता क्लच अर्धवट दाबून (हाफ क्लचवर) काम भागवणारा असेल, तर मोठे इंजिन क्लच वाचवते. घाट उतरतानाही पाय उचलल्यावर ते गाडी अधिक धरून ठेवते.

लिटर वाढले की ताकद वाढते, हा हिशेब मात्र आता जुना झाला आहे. व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आपल्याकडे आली तेव्हा तिचे इंजिन २.५ लिटरचे होते आणि टॉर्क ३२० न्यूटन-मीटर होता. आजचे लहान इंजिन त्याहून अधिक देते. अमेरिकेत टोयोटाच्या टॅकोमा पिकअपचे ३.५ लिटरचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन २७८ अश्वशक्तीचे होते. त्याच्या जागी आलेले २.४ लिटरचे टर्बो इंजिनही तेवढीच शक्ती देते, पण त्याचा सर्वाधिक टॉर्क ४,६०० ऐवजी १,७०० फेऱ्यांना मिळतो. ऑस्ट्रेलियात फोर्ड रेंजर पिकअपला ३ लिटरचे सहा सिलिंडरांचे (व्ही-६) डिझेल इंजिन आणि ६०० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. तिथे साडेतीन टनांचा ट्रेलर जोडून लोक तासन्‌तास महामार्गावर जातात. इतके वजन ताशी ८० च्या वेगाने लांब चढावर ओढताना लहान इंजिन सर्वस्व पणाला लावून चालते, त्याची उष्णता वाढते, आणि तिथे मोठ्या इंजिनाला माझा काहीही आक्षेप नाही. आपल्याकडे विचारायला येणाऱ्यांपैकी ट्रेलर ओढणारा मला अजून भेटलेला नाही.

पुण्यातल्या रोजच्या वापराबद्दल मला अधिक काळजी वाटते. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा डीपीएफ असतो, आणि त्यात साचलेली काजळी जळायला बाहेर पडणारा वायू पुरेसा गरम लागतो. सिंहगड रस्त्यावर किंवा चांदणी चौकाकडे रिकामा हौदा घेऊन रांगत जाताना मोठ्या इंजिनावर त्याच्या मानाने आणखीच कमी भार येतो, ते थंड चालते आणि डीपीएफ लवकर भरतो. शिवाय भरलेल्या गाडीचे मंजूर वजन ठरलेले असल्याने इंजिनाचे वाढीव किलो हौद्यातल्या मालातून वजा होतात.

गाडी ठरवण्याआधी चाचणीची गाडी कात्रजच्या जुन्या घाटात न्यावी, विक्रेत्याची परवानगी घेऊन हौद्यात चारशे-पाचशे किलोची पोती टाकावीत, आणि वळणातून बाहेर पडताना तिसऱ्या गिअरमध्ये १,२०० फेऱ्यांवरून ती किती वेळात उचल घेते ते पाहावे. मग तेच वळण दुसऱ्या गिअरमध्ये घ्यावे. रोज गाडी चालवणार असेल त्यालाच त्या वेळी चालवायला बसवावे.