कांद्याचा पापुद्रा आणि मराठीच्या बाई

मागच्या डिसेंबरात आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षिका दीर्घ रजेवर गेल्या आणि आठवीच्या दोन तुकड्यांचे विज्ञान माझ्या वेळापत्रकात येऊन पडले. मी एम. ए. मराठी आहे. विज्ञानाशी माझा शेवटचा संबंध दहावीच्या परीक्षेत आला होता आणि समोरचे पहिलेच प्रकरण पेशींचे होते. पेशीची आकृती मला आजही न बघता काढता येते: लंबगोल कड, मध्ये केंद्रक, शेंगदाण्याच्या आकाराच्या तंतुकणिका, एका बाजूला घड्या घातलेली आंतर्द्रव्यजालिका. मात्र या आकृतीत प्रत्यक्ष चालते काय, हे मला सांगता येत नव्हते, आणि ते सांगता आल्याशिवाय वर्गात उभे राहायचे नाही, असे ठरवून मी दोन आठवडे मागून घेतले.

माझी सुरुवात अर्थातच शब्दांपासून झाली. ‘पेशी’ हा संस्कृत शब्द मुळात मांसाच्या गोळ्यासाठी, स्नायूसाठी वापरला जाई. इंग्रजीतला ‘सेल’ हा शब्द लहान खोलीचा आहे. रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना मधाच्या पोळ्यासारखे रिकामे कप्पे दिसले आणि त्यांनी त्यांना हे नाव दिले. ते कप्पे रिकामे असणे साहजिकच होते, कारण बूच ही झाडाची मेलेली ऊती आहे आणि हूक यांना दिसल्या त्या केवळ भिंती होत्या. आत राहणारा केव्हाच निघून गेला होता. रिकामेपणाचा हा समज आपल्या परिभाषेतही शिरलेला आहे. वनस्पतीच्या पेशीतली सर्वांत मोठी जागा जिने व्यापलेली असते, तिला आपण ‘रिक्तिका’ म्हणतो. मी स्वतः तीस वर्षे तिला रिकामी पिशवीच समजत होते.

प्रयोगशाळेच्या कपाटात दोन सूक्ष्मदर्शक होते, दोन्ही खाली आरसा असलेले जुने. एकाच्या भिंगावर बुरशीचे जाळे चढलेले होते. दुसरा आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी मऊ कापडाने पुसून चालू करून दिला. पहिले दोन दिवस मला स्वतःच्या पापण्या आणि हवेचे बुडबुडे एवढेच दिसले. काळ्याभोर, जाड कडेचे एकसारखे गोल दिसताच मी आनंदाने मामांना हाक मारली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “बाई, ही हवा आहे. काच तिरपी धरून एका कडेने हळूहळू टेकवा.” आच्छादन काच पंचेचाळीस अंशांत टेकवायची असते, हे पुस्तकातही लिहिलेले होते. ते मी वाचलेही होते.

कांद्याच्या मांसल पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा चिमट्याने सहज सुटतो. तो पाण्याच्या थेंबात पसरून सॅफ्रॅनिन या लाल रंगाचा एक थेंब घातला, जादा रंग टिपकागदाने टिपला आणि आधी कमी, मग चारशे पट विशालनाखाली पाहिले. विटांच्या बांधकामासारख्या लांबट पेशी, प्रत्येकीच्या भोवती ठळक पेशीभित्तिका आणि बहुतेक पेशींत भिंतीलगत सरकलेला एक गडद ठिपका, म्हणजे केंद्रक. एवढेच. तंतुकणिका नाहीत, आंतर्द्रव्यजालिका नाही, रायबोझोम नाहीत. मी बराच वेळ त्यांना शोधत होते आणि आपल्यालाच दिसत नाही अशी समजूत करून घेत होते. मग हिशेब कळला. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. रायबोझोम जेमतेम वीस-तीस नॅनोमीटरचे असतात आणि पेशीद्रव्याभोवतीच्या पातळ आवरणाची, म्हणजे प्रद्रव्यपटलाची, जाडी सात-आठ नॅनोमीटर. पाठ्यपुस्तकातली आकृती ही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अनेक पेशींतून मिळवलेली माहिती एकाच पेशीत भरून काढलेली असते, हे आपल्याला शाळेत कोणीही सांगत नाही. ते पहिल्याच तासाला सांगायला हवे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

केंद्रक मध्यभागी नसून कडेला का, याचे उत्तर शोधताना रिक्तिकेशी माझी खरी ओळख झाली. कांद्याच्या पेशीत मधली जवळजवळ सगळी जागा तिचीच असते. पेशीद्रव्याचा पातळ थर भिंतीला चिकटून राहतो आणि केंद्रकही त्याच थरात. रिक्तिकेत पाणी, शर्करा, क्षार, आम्ले, रंगद्रव्ये आणि काही विकरे (एन्झाइम) असतात, आणि तिच्या आतून भिंतीवर पडणाऱ्या दाबामुळेच भाजी टवटवीत उभी राहते. निफाड तालुक्यात माझ्या भावाची द्राक्षबाग आहे; मण्याचा गोड रस म्हणजे मुख्यतः रिक्तिकांमध्ये साठलेला रस, हे मी त्याला फोनवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मग ताई, तिला रिकामी म्हणणाऱ्याने बाग केलेली नसावी.”

त्याच आठवड्यात घडलेली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रंग संपला होता, म्हणून मी रंग न घालताच पापुद्रा पाण्यात ठेवला आणि उजेड कमी करण्यासाठी सूक्ष्मदर्शकाचे प्रकाश आत सोडणारे छिद्र बरेचसे मिटले. सुरुवातीला काहीच दिसले नाही. डोळा स्थिरावल्यावर भिंतीच्या कडेने आणि पेशीला आडव्या गेलेल्या बारीक धाग्यांवरून सूक्ष्म कण सरकताना दिसले. ते एका दिशेने जात होते, मध्येच थांबत होते आणि शेजारच्या धाग्यावरून काही कण उलटही येत होते. हा पेशीद्रव्याचा प्रवाह होता. रंगवलेल्या पापुद्र्यात तो कधीच दिसला नसता, कारण रंग नीट चढेपर्यंत पेशी बहुधा मेलेली असते. आपण शाळेत वर्षानुवर्षे मुलांना पेशी दाखवतो ती मेलेली दाखवतो आणि तिच्याखाली ‘सजीवांचा मूलभूत घटक’ असे लिहून घेतो.

प्रद्रव्यपटल दिसत नाही म्हटल्यावर ते आहे हे मुलांना कसे पटवायचे, हा पुढचा प्रश्न होता. तो नाशिकच्या लाल कांद्याने सोडवला. लाल कांद्याच्या पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूचा पापुद्रा जरा हट्टी असतो, तुकड्यातुकड्यांनी निघतो, पण त्याच्या रिक्तिकांतच जांभळट रंग भरलेला असल्यामुळे वेगळा रंग घालावा लागत नाही. काचेच्या एका कडेला मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडला आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून ते आत ओढून घेतले. दोन-तीन मिनिटांत रंगीत भाग भिंतीपासून सुटून आत आकसू लागला. भिंत जागच्या जागी राहिली. परासरणाने पेशीतले पाणी बाहेर गेले होते आणि प्रद्रव्यपटल आतला सगळा ऐवज घेऊन मागे सरले होते. लगेच साधे पाणी ओढून घेतले तर पेशी पुन्हा भरते, उशीर केला तर भरत नाही. पाण्याला वाट देणारे, पण जांभळ्या रंगाला बाहेर न सोडणारे काहीतरी तेथे आहे, हे यानंतर वेगळे शिकवावे लागले नाही. कोशिंबिरीच्या कांद्याला मीठ लावून ठेवले की पाणी का सुटते, हे एका मुलीने आपणहून सांगितले.

पटलांचे काम समजण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला स्वयंपाकघरात मिळाले. अख्खा कांदा हातात धरून कोणी रडत नाही, चिरल्यावर रडते. कांद्याच्या पेशीत गंधकाची संयुगे पेशीद्रव्यात असतात आणि त्यांच्यावर क्रिया करणारे विकर रिक्तिकेत बंद असते. मध्ये फक्त एक पटल. विळीने पेशी फाटल्या की दोन्ही एकत्र येतात, लागोपाठ रासायनिक क्रिया होतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू सुटतो. पेशीत इतके कप्पे कशाला, या प्रश्नावर मी आता हेच उत्तर देते. तंतुकणिकेतल्या ऊर्जानिर्मितीपासून लयकारिकेतल्या (लायसोसोम) पचनापर्यंत सगळ्यांचे तत्त्व एकच आहे: जे एकत्र आले तर नको ते घडेल ते वेगळे ठेवायचे आणि हवे तेव्हाच भेटू द्यायचे.

पेशी म्हणजे शाळा आणि केंद्रक म्हणजे मुख्याध्यापक, ही नेहमीची उपमा मी पहिल्या तुकडीत वापरली आणि पस्तावले. एका मुलाने विचारले, “मॅडम, मग तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते, तर तिथे कोण सांगते?” माणसाची पक्व तांबडी रक्तपेशी केंद्रकाशिवाय सुमारे १२० दिवस काम करते; तिला नवीन प्रथिने बनवता येत नाहीत आणि तिचे विभाजन होत नाही, पण प्राणवायू वाहून नेण्यासाठी तिला कोणाचा हुकूम लागत नाही. केंद्रकात डीएनएच्या रूपात प्रथिनांचे पाठ असतात, त्यांच्या आरएनए प्रती बाहेर येतात आणि रायबोझोमवर त्या वाचून प्रथिने बनतात. हे मुख्याध्यापकाचे काम नव्हे, फार तर ग्रंथालयाचे. दुसऱ्या तुकडीत मी उपमाच गाळली.

गालाच्या आतल्या बाजूच्या पेशी मिथिलीन ब्ल्यूने रंगवणे मात्र अगदी सोपे गेले. त्या पसरट, वेड्यावाकड्या, भिंत नसलेल्या आणि कडा दुमडलेल्या असतात. कांद्याशेजारी ठेवल्या की प्राणी व वनस्पती यांतला फरक दिसतोच.

मुळांच्या टोकांची पट्टिका करणे अभ्यासक्रमात नव्हते. ती माझी हौस होती. पेलाभर पाण्यावर बूड टेकेल असा कांदा ठेवला. चार दिवसांनी आलेल्या मुळांची टोके कापून ओळखीच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या मॅडमकडे नेली, कारण ॲसिटोकार्मिन हा रंग आमच्याकडे नव्हता. पेशी पेशीपासूनच जन्मते, हे जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो यांचे १८५५ मधले म्हणणे आता सर्वांना तोंडपाठ असते. मला ते घडताना पकडायचे होते. पहिल्या दोन पट्टिका चिरडून वाया गेल्या. अंगठ्याने सरळ दाबायचे असते, घासायचे नसते. तोवर मॅडमनी लासलगावच्या विकिरण केंद्राची गोष्ट काढली. २००२ पासून तेथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याचे कोंब रोखण्याची सोय आहे. वाढीच्या टोकाच्या पेशींमधल्या डीएनएला इतका धक्का बसतो की त्या पुन्हा विभागू शकत नाहीत. पाकळ्यांच्या पेशींचे विभाजन आधीच थांबलेले असल्याने खाणाऱ्याच्या दृष्टीने कांदा तसाच राहतो. भावाच्या कांदाचाळीतल्या कांद्याला दरवर्षी फुटणारे कोंब हे वाढीच्या टोकाच्या पेशींच्या विभाजनाचेच दृश्य रूप होते, आणि तो द्राक्षघड जी.ए. (जिबरेलिक आम्ल) या संप्रेरकाच्या द्रावणात बुडवतो, म्हणजे डिपिंग करतो तेव्हा मण्यांतल्या पेशींचे विभाजन आणि त्यांचे लांबणे यांनाच जोर देत असतो.

तिसऱ्या पट्टिकेत बहुतेक पेशी नुसतेच गोल केंद्रक घेऊन बसलेल्या होत्या, कारण पेशीचा बराचसा काळ विभाजनाच्या तयारीतच जातो. बऱ्याच शोधानंतर एका कोपऱ्यात एक पेशी सापडली, जिच्यातले गडद लाल धागे दोन गटांत विरुद्ध टोकांकडे ओढले जात होते: विभाजनातली पश्चावस्था. शेजारीच तिच्या आधीच्या टप्प्यातली, धागे मधोमध रांगेत आलेली, मध्यावस्थेतली एक होती. कांद्याच्या पेशीत असे धागे, म्हणजे गुणसूत्रे, १६ असतात, म्हणून मी ती मोजायला घेतली. अकरापर्यंत पोचले, पुढची एकमेकांवर पडलेली होती.