‘वडिलांना घेऊन या’

मी ट्रान्स पुरुष, जन्माच्या वेळी नोंद मुलगी म्हणून झालेली. 2023 च्या फेब्रुवारीत मी ट्रान्सजेंडर प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज केला. मिळालं जूनच्या शेवटी. नियमात मुदत 30 दिवसांची होती. त्याच महिन्यांत मला टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, सुरू झालं होतं, आवाज फुटायला लागला होता, आणि घरी कुणालाच काही माहीत नव्हतं. आज लिहितानाही त्या सरकारी टेबलाची आठवण आली की डोकं तापतं.

मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र, हार्मोन्सचे डॉक्टर, रक्ताच्या तपासण्या हे सगळं सुरळीत झालं. अर्ज भरायला एक संध्याकाळ लागली. मग कार्यालयातून फोन आला, मूळ कागद घेऊन या.

टेबलावरच्या गृहस्थांचा पहिला प्रश्न, “ऑपरेशन झालंय का?” नाही म्हटल्यावर, “मग आम्ही मानायचं कशावरून? वडिलांना घेऊन या, नाहीतर त्यांचं संमतीपत्र आणा.” मी 26 वर्षांचा, चार वर्षं नोकरी करून स्वतःच्या भाड्याच्या खोलीत राहणारा. दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला ते गृहस्थ म्हणाले, आधारवर पत्ता गावचा आहे, तर तिथल्या तलाठ्यांकडून चौकशी करून घेऊ. आमचं गाव कोल्हापूरजवळचं, लहान. तलाठ्यांना कळलं की संध्याकाळपर्यंत बाबांना कळणार. त्या रात्री मी जेवलोच नाही.

चौथ्या खेपेला त्यांनी माझ्या आधारची झेरॉक्स उलटून पाहिली. मागच्या कोऱ्या बाजूला कधीतरी दुसऱ्याच कामासाठी मी बाबांचा नंबर पेन्सिलीनं लिहिला होता. “हा कुणाचा? वडिलांचा ना? आत्ताच विचारू,” म्हणत त्यांनी रिसीव्हर उचलला आणि आकडे दाबायला सुरुवात केली. नऊ, आठ, दोन, दोन… मी टेबलावरून हात लांब करून फोनचा खटका दाबून धरला. शेजारच्या टेबलांवरची माणसं बघायला लागली. हात थरथरत होता, पण काढला नाही. झेरॉक्स परत मागितली आणि बाहेर आलो.

जिन्यातच मोबाइलवर ट्रान्सजेंडर कायद्याचे 2020 चे नियम उघडले. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. अर्जदाराच्या प्रतिज्ञापत्रावर प्रमाणपत्र द्यायचं, शारीरिक तपासणी नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलं होतं. जिल्ह्यात बारा महिने राहिल्याचं प्रतिज्ञापत्रही पुरेसं होतं, म्हणजे गावी चौकशीला जायचं कारणच नव्हतं. ऑपरेशनचा कागद लागत होता तो 2019 च्या कायद्याच्या कलम 7 खाली, पुरुष किंवा स्त्री अशी नोंद हवी असेल तर. माझा अर्ज कलम 6 चा, म्हणजे नुसत्या ‘ट्रान्सजेंडर’ नोंदीचा होता. दोन प्रती काढल्या, त्या ओळी पिवळ्या केल्या, सोबत लेखी अर्ज जोडला आणि टेबलावर न देता आवक-जावकला देऊन पोच घेतली. हा शिक्का फार महत्त्वाचा. पुढच्या आठवड्यात साहेबांनी आत बोलावलं, कागद वाचले, माझं वय विचारलं आणि त्या गृहस्थांना म्हणाले, “सज्ञान आहे, वडील कशाला पाहिजेत?” चार महिने अडलेलं काम पाच मिनिटांत झालं. प्रमाणपत्र पोर्टलवरूनच उतरवून घेता आलं, घरी पाकीट गेलं नाही.

अजून एक, जे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: आधारला घरच्यांचा मोबाइल नंबर असेल तर तो अर्जाच्या आधी बदलून घ्या. मला तेव्हा केंद्रावर 50 रुपये लागले. ओटीपी बाबांच्या फोनवर गेला असता तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. वडिलांबरोबर जॉइंट खातं असेल तर औषधांचे आणि लॅबचे पैसे त्यातून देऊ नका, वेगळं खातं काढा.

बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा, आठ तासांच्या वर घालू नका आणि त्याऐवजी क्रेप बँडेज तर कधीच बांधू नका, बरगड्यांना इजा होते. मी घरी गेल्यावर तो उशीच्या अभ्र्यात घालून वाळवायचो. इंजेक्शनचा डोस मनानं वाढवू नका. रक्त घट्ट होतं, म्हणून तर तपासण्या असतात. फुटलेला आवाज परत येत नाही, तेव्हा त्याआधीच ठरवा की कुणाला काय सांगायचं. आणि घरातून बाहेर काढलं जाण्याची भीती असेल तर ट्रान्स लोकांसाठीच्या जवळच्या ‘गरिमा गृह’ निवाऱ्याचा पत्ता आधीच काढून ठेवा.

बोलण्याचं मात्र मला सोपं गेलं. आमच्याकडं पोरीसुद्धा ‘मी आलो, मी जेवलो’ असंच बोलतात. घरी तोंडातून ‘आलो’ निघालं तर कुणी वळून बघत नाही. शहरात ऑफिसमध्ये प्रत्येक क्रियापदापाशी थबकायचो, गावी मोकळा असायचो.

जुलैत गेलो तेव्हा हनुवटीवर पुळ्या आल्या होत्या. आईनं उन्हात बसवून हळद-चंदनाचा लेप लावला, बोटानं हलकेच, लहानपणी लावायची तसा. “आवाज बसलाय बघ तुझा,” म्हणाली. मी सर्दी म्हणालो. प्रमाणपत्र तेव्हा माझ्या फोनमध्ये, पासवर्ड लावलेल्या फोल्डरमध्ये होतं.

निघताना पिशवी उचलून म्हणालो, “जातो.”

“जातो म्हणू नये, येतो म्हण.”

“येतो, आई.”