द्राक्षाच्या पॅनेलची प्रगती: तार, कथील आणि मोरचूद

द्राक्षवेलाच्या रंगीत काचेच्या (स्टेन्ड ग्लास) पॅनेलला दोन्ही बाजूंनी डाख, म्हणजे कथील-शिशाचा जोड, देऊन झाला. आता फ्रेम आणि पॅटिना, म्हणजे डाखाच्या रेघांना रंग चढवणं, राहिलंय. कुठवर आलं म्हणून बरेच जण विचारत होते, त्यामुळे सगळं एकदाच लिहून टाकते. आकार दीड फूट बाय दोन फूट, तुकडे ८६, पद्धत कॉपर फॉइलची: प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ चिकटपट्टी लावायची आणि तुकडे डाखाने जोडायचे. शिशाच्या पट्ट्यांचं काम मला आवडतं, पण दोन सेंटिमीटरच्या मण्यांभोवती शिशाची पट्टी वळवायची म्हणजे चित्रात द्राक्षं कमी आणि शिसंच जास्त दिसणार. लहान तुकड्यांसाठी फॉइलला पर्याय नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टिफनीच्या कारखान्यातल्या दिव्यांनी तेच दाखवून दिलं.

विषय ऐकून आमच्या काचकामाच्या गटातल्या एकाने नाक मुरडलं होतं. नाशिक म्हटलं की द्राक्ष, दुसरं काही सुचत नाही का तुम्हाला? सुचतं की. पण उजेडाच्या हिशेबाने द्राक्षाइतका सोयीचा विषय मला दुसरा दिसला नाही. मण्यातून उजेड आरपार येतो, पानातून गाळून येतो, खोडातून येतच नाही. एकाच चित्रात पारदर्शक, ओपलसंट (दुधाळ) आणि जवळजवळ अपारदर्शक अशा तिन्ही काचा वापरायला मिळतात. शिवाय थॉमसन जातीच्या द्राक्षाचा लांबट मणी कापायला गोल मण्यापेक्षा सोपा. गोल जरा बिघडला की लगेच डोळ्यात येतो. लांबट मण्याचं तसं नाही, वेलीवर तरी सगळे मणी कुठे सारखे असतात!

चित्र काढताना खरी अडचण आली ती तारेची. बागेत वेल तारेवर चढवतात, म्हणून मूळ रेखाटनात एक आडवी तार या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ गेली होती. कागदावर सुरेख. फॉइलच्या कामात मात्र अशी सरळ रेघ म्हणजे बिजागरीच. पॅनेल टांगलं की वजन त्या रेघेवर येतं आणि कालांतराने ते तिथेच वाकायला लागतं. म्हणून तार दोन ठिकाणी पानामागे लपवली आणि पानाच्या पलीकडे अर्धा इंच वर सरकवून पुढे नेली. कुणाच्या लक्षातही येत नाही. जिथे सरळ भाग उरला तिथे दोन काचांच्या फटीत तांब्याची चपटी पट्टी उभी बसवली आणि तिच्यावरून डाख दिला. वरून काहीच दिसत नाही, जोड मात्र घट्ट. मोठं पॅनेल करणाऱ्यांनी डिझाइन नक्की करण्याआधी एकदा फूटपट्टी ठेवून अशा रेघा शोधाव्यात. काच कापल्यावर त्यांचं काही करता येत नाही.

पूर्ण मापाच्या चित्राच्या, म्हणजे कार्टूनच्या, दोन प्रती काढल्या. एक टेबलावर, एक कापायला. प्रत्येक तुकड्यावर आकडा, रंगाचं अक्षर आणि काचेतल्या रेषांची दिशा दाखवणारा बाण. ही खूणगाठीची पद्धत फार जुनी. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला थिओफिलस नावाच्या साधूने काचकामाची कृती लिहून ठेवली, तीत फळीवर खडू पसरून त्यावर खिडकी आखायची आणि कोणत्या तुकड्याला कोणता रंग हे अक्षराने नोंदवायचं असं सांगितलंय. तेव्हा काच तापलेल्या लोखंडाने तडकवून मग कडा कुरतडत आकाराला आणायचे. आपल्याकडे कार्बाइडच्या चाकाचा कटर आहे, पण दातेरी पकडीने कुरतडायचं काम अजून तेच. नऊशे वर्षांत अक्षर आणि आकडा सुटला नाही, तो आपण आळसाने सोडू नये. बाण तर मुळीच नाही. हिरव्या रेषांच्या काचेतलं पान उलट्या दिशेने कापलं गेलं की ते झाडाचं वाटतच नाही.

पानं कापण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. द्राक्षाच्या पानाला पाच भाग आणि मधल्या खाचा खोल. आत वळणारी रेघ काचेला नकोच असते. ती तुटते तेव्हा सरळ पळायला बघते. खाच एका घावात काढायला गेलं की हमखास तडा जातो, म्हणून चंद्रकोरीसारख्या उथळ चार-पाच रेघा एकापुढे एक मारायच्या आणि बाहेरची कोर आधी काढून मग आतल्या एकेक. कटर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता, एकदाच. चर्र असा बारीक, सलग आवाज आला की रेघ बसली. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा कटर नेला तर चाकही जातं आणि काचही. फारच खोल खाच असेल तर सरळ तिथून शीर काढायची, पानाचे दोन तुकडे करायचे. डाखाची रेघच शीर होते. माझ्या पाचही पानांत तसं आहे आणि मला ते न तोडलेल्या पानापेक्षा बरं वाटतं.

कडा ग्राइंडरवर, स्पंज ओला ठेवून. कोरड्या काचेची धूळ छातीत जाते, त्यामुळे पाणी संपलं की ग्राइंडर बंद. यात सूट नाही.

काचेबद्दल. पार्श्वभूमीची पूर्ण काच एकदम घेतली आणि तोच सल्ला सगळ्यांना. अमेरिकेतली स्पेक्ट्रम ही काच कंपनी २०१६ साली बंद झाली तेव्हा अर्धवट कामं घेऊन बसलेल्यांना तोच रंग शोधत फिरावं लागलं. पुढे त्यांच्या काचा ओशनसाइड या कंपनीने करायला घेतल्या, पण मधल्या काळात व्हायचं ते झालंच. दुसरीकडे कोकोमोसारखी कंपनी १८८८ पासून ओपलसंट काच ओततेच आहे. काहीही असो, नाशिकला बसून आपल्याला शीट मागवावीच लागते, वाहतुकीत एखादी फुटतेच, म्हणून हिशेबात तेवढी वाढ धरायची. रंग ठरवताना काच टेबलावर ठेवून बघू नका. खिडकीशी उभी धरा, तीही ज्या दिशेला पॅनेल लागणार त्याच दिशेच्या. सकाळच्या पूर्वेच्या उजेडात जो हिरवा पोपटी दिसतो तो उत्तरेच्या खिडकीत चक्क शेवाळी होतो.

खालच्या कोपऱ्यातल्या तीन गोल चकत्या वाईनच्या बाटल्यांच्या बुडाच्या आहेत. नाशिकमध्ये रिकाम्या बाटल्यांना काय तोटा! बाटलीची बाजू वळलेली असते, सपाट पॅनेलमध्ये तिचा उपयोग नाही. पण बूड कामाचं. कटरने भोवती एक रेघ मारायची, मग त्या रेघेवर आलटून पालटून गरम आणि गार पाणी, की बूड सुटून येतं. नंतर ग्राइंडर. मधला फुगवटा उजेड गोळा करतो. जुन्या युरोपी खिडक्यांतल्या फुंकून केलेल्या चकत्यांची सर त्याला येत नाही, पण फुकटात एवढं पुष्कळ.

आता फॉइल. मी पावणेदोन सुती वापरते, म्हणजे ७/३२ इंच. तीन मिलिमीटरच्या काचेला दोन्ही बाजूंना सव्वा मिलिमीटरच्या आसपास सारखी येते. पॅटिना तांबूस करायचा असल्याने आतल्या बाजूने तांबडीच फॉइल घेतली. पारदर्शक मण्यांत कडेची आतली बाजू दिसते, तिथे रुपेरी चमकली असती. चिकटवल्यावर लाकडी पट्टीने घासून पक्की दाबायची, कोपऱ्यात सुरकुती राहिली तर पुढे फ्लक्स (डाख धरावा म्हणून आधी लावायचं रसायन) आत शिरतो.

हे सगळं ऐन पावसाळ्यात झालं आणि नाशिकच्या जुलैच्या हवेत उघडी फॉइल काळवंडायला वेळ लागत नाही. डाख देताना कथील पसरायचं सोडून गोळी होऊन बाजूला पळत होतं. त्याच सुमारास फ्रेमसाठी पितळी यू-पट्टी बघायला भांडी बाजारात गेले होते, पिशवीत नमुन्याला दोन जोडलेली पानं होती. दुकानाबाहेर एक कल्हईवाले काका बसले होते. त्यांनी ती हातात घेतली, उलटी करून बघितली.

"हे काय ताई, खिडकीला कल्हई करताय?"

"तसंच समजा काका. पण कथील धरतच नाही बघा."

त्यांनी अंगठ्याने फॉइल घासली, अंगठा माझ्यासमोर धरला. काळा. "कथील पळतंय म्हणजे तांबं मळलंय. आधी तांबं उजळा, मग ते आपसूक बसतं. आन् चटका पुरता द्या, घाबरू नका."

घरी येऊन सगळ्या फॉइलवरून बारीक स्टील वूल हलकं फिरवलं, पुसून काढलं, लगेच फ्लक्स लावला. कथील पाण्यासारखं पसरलं. परदेशी पुस्तकांत हेच चार पानं भरून असतं. काकांनी भांडं तापवून नवसागर टाकायचा, त्याचा पांढरा धूर निघायचा आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचं, ही आमची सगळी प्रक्रिया आहे. इस्त्रीचं, म्हणजे सोल्डरिंग आयर्नचं, टोक काळं पडलं की काचकाम करणारे जगभर नवसागराच्याच वडीवर घासतात. आपण ती वडी बाहेरून मागवतो. कल्हईवाल्याकडे तो नवसागर आधीपासून आहे. फक्त धूर तोंडावर घेऊ नका, आणि घासून झाल्यावर टोक पुसून घ्या, नाहीतर नवसागर ते टोक खातो.

माझं ठाम मत झालंय की आपण सामान मिळत नाही म्हणून उगाच रडतो. काच आणि फॉइल बाहेरची, मान्य. पण तांबं, कथील, पितळ ओळखणारे हात जुन्या नाशकात पिढ्यान्पिढ्या आहेत. गोदेला पूर आला की ज्यांच्या दुकानात पाणी शिरतं, ते लोक भांड्याच्या आवाजावरून जोड ओळखतात. त्यांना न विचारता आपण इंटरनेटवर व्हिडिओ बघत बसतो.

सोल्डर ६०/४० वापरलं: ६० टक्के कथील, ४० टक्के शिसं. १८३ अंशांना मऊ व्हायला लागतं आणि १९० च्या आसपास पूर्ण पातळ, म्हणून झटकन गोठतं आणि वरचा गोलवा टिकतो. ५०/५० ला पूर्ण पातळ व्हायला साधारण २१५ अंश लागतात आणि ते जास्त वेळ लिबलिबीत राहतं. खालून गळायची भीती असते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली तार घेताना आत राळ नाही ना, हे विचारून घ्या. राळेचा चिकट तपकिरी थर काचेवरून निघता निघत नाही. काम झालं की साबणाने हात, नखांसकट. कामाच्या टेबलावर चहा नाही. शिसं श्वासापेक्षा बोटांवाटे पोटात जातं, आणि घरात लहान मूल असेल तर कामाचे कपडेही वेगळे धुवावेत.

पॅटिना अजून व्हायचाय, पण तुकड्यांवर करून बघितला. तांबूस पॅटिनाच्या बाटलीत मुख्यतः कॉपर सल्फेट असतं. म्हणजे आपला मोरचूद. द्राक्षाच्या गावात मोरचूद! कुठल्याही कृषी सेवा केंद्रात किलोने मिळतो, वेलीवरच्या केवडा रोगासाठी चुन्याबरोबर बोर्डो मिश्रण करून फवारतात तोच. हे मिश्रण १८८५ च्या सुमारास बोर्दोजवळच्या बागांतून पुढे आलं. तिकडे रस्त्याकडेच्या वेलींवर ते आधी मारायचे ते चोरांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. तर, गरम पाण्यात विरघळेल तेवढा मोरचूद, भांडं प्लास्टिकचं, हातमोजे आवश्यक. ताज्या, धुतलेल्या डाखावर ब्रशने लावला की कथील थोडं द्रावणात जातं आणि द्रावणातलं तांबं त्याच्या जागी बसतं. डोळ्यांदेखत रुपेरी रेघ लालसर होते. फ्लक्स कुठे राहिला असेल तिथे डाग उठतो, म्हणून आधी दोनदा धुवा. शेवटी गाडीचं मेण. चूळ भरायच्या जागी हे द्रावण ओतू नका, झाडांच्या कुंडीतही नाही.

फ्रेम पितळेचीच करतेय. अॅल्युमिनियमची पट्टी स्वस्त आणि कुठेही मिळते, पण तिला आपला डाख बसत नाही. टांगायच्या कड्या फ्रेमला, उभ्या बाजूंना. नुसत्या कडेच्या फॉइलला कडी लावलीत तर फॉइल काचेवरून सोलून निघेल.

गटातल्या दोन गोष्टी. भंगार पेटी पुन्हा सुरू करू या. पूर्वी प्रत्येकाने उरलेले तुकडे एका खोक्यात टाकायचे आणि नव्याने शिकणाऱ्याने पहिलं काम त्यातूनच करायचं असा रिवाज होता, तो मोडला. नवे लोक पहिल्याच दिवशी महागडी शीट घेऊन येतात आणि कापायला घाबरतात. दुसरं, डिझाइन ज्याचं त्याचं नाव कागदावर राहू द्या. विकत घेतलेला नमुना फोटो काढून वाटणं बंद. २०२३ साली फ्रान्स, जर्मनी, चेकिया, स्पेन, फिनलंड आणि हंगेरी यांनी मिळून हाताने काच बनवण्याचं ज्ञान युनेस्कोच्या यादीत नेलं. हे ज्ञान टिकलं ते फोटो वाटून नव्हे, भट्टीवर एकाने दुसऱ्याला हाताला धरून शिकवल्यामुळे.

मुंबईची सहल थंडीत ठरवू. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघून सीएसएमटीच्या काचा बघता येतील. मग विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाची बारा राशींची गोल खिडकी आणि शेवटी कुलाब्याचं अफगाण चर्च, तिथल्या काचा विल्यम वेल्सच्या. परवानग्या कुणीतरी आधी काढा. मला मुख्यतः आधाराच्या आडव्या सळ्या आणि त्यांना काच कशी बांधलीय ते बघायचंय, कारण पुढचं काम मोठं आहे: जुन्या वाड्याच्या दाराच्या वरचा अर्धगोल झरोका. तिथे फॉइल चालणार नाही. शिशाच्या पट्ट्या, आणि फटींत जवसाचं तेल नि खडूपूड मळून केलेलं सिमेंट. शिशाची पट्टी ओढून सरळ करायला दोन माणसं लागतात, एक जण हवा आहे.

द्राक्षाचं कार्टून कुणाला हवं असेल तर ट्रेसिंग पेपर घेऊन या, काढून देते. मोरचूद मात्र विकत घेऊ नका. किलोची पिशवी घ्यावी लागली, आणि एवढ्याशा पॅनेलला फारच थोडा लागणार आहे.