सब्जेक्ट टू लोड

‘सब्लो’ हा शब्द आमच्या घरात इतका मुरला होता की दहावीपर्यंत मला तो मराठीच वाटायचा. रविवारी मामा येणार का? सब्लो. पाऊस उघडला तर जुहूला जायचं का? सब्लो. बाबा सांताक्रूझला एका विमान कंपनीच्या इंजिन ओव्हरहॉलमध्ये होते आणि स्टाफच्या तिकिटावर तो शेरा असायचा, ‘सब्जेक्ट टू लोड’. पैसे भरलेले सगळे बसले आणि त्यातून जागा उरली तर तुम्ही. नाहीतर काउंटर बंद होईपर्यंत बाकड्यावर थांबायचं आणि बॅगा घेऊन घरी यायचं. शेजाऱ्यांना सांगून निघालेलो असलो तर अंधार पडल्यावर.

बाबा बरीच वर्षं युनियनच्या कमिटीत होते. वेज सेटलमेंट, म्हणजे पगाराचा करार, जवळ आलं की रात्री जेवणं झाल्यावर चार-पाच काका आमच्याकडे जमायचे. आई चहा करून झोपायला जायची आणि मी जागी राहायचे, कारण अक्षर माझं बरं होतं. चार्टर ऑफ डिमांड्सचा, म्हणजे मागण्यांच्या यादीचा, कच्चा खर्डा मी कितीदा तरी उतरवून काढला आहे. मूळ पगार, महागाई भत्ता, नाइट शिफ्टचा भत्ता. मग पॅसेज, म्हणजे फुकट तिकिटं. वर्षाला किती, आईवडिलांना मिळणार का, लग्न झालेल्या मुलीला का नाही (यावर एकदा रात्री दीडपर्यंत वाद चालला होता आणि मी कान टवकारून ऐकत होते). पेन्शनची ओळ अगदी खाली असायची, कँटीनच्या जेमतेम वर.

आणि वाटाघाटीत पहिली तीच जायची. मॅनेजमेंटला ती खोडायची गरजच पडत नसे. टेबलावर काहीतरी सोडावं लागतं, तर आपणच ही सोडू, असं आधीच ठरलेलं. कमिटीतली सगळी माणसं तिशी-चाळिशीतली. साठीनंतरचं दुखणं कुणाच्या डोळ्यांसमोर येणार? तिकीट मात्र येत्या मे महिन्यात दिसत होतं. मेमध्ये विमानं भरलेली असायची, म्हणजे ते तिकीट चालायचं नाही, ही गोष्ट वेगळी.

द्वारसभेत बाबा औद्योगिक विवाद कायद्याचं कलम ९-अ म्हणायचे. म्हणायचेच, आरतीसारखं. सेवाशर्तीत बदल करायचा तर मालकाने २१ दिवसांची नोटीस दिली पाहिजे, आणि कुठले बदल ते चौथ्या परिशिष्टात होते. त्या परिशिष्टात दुसऱ्या क्रमांकावर भविष्यनिर्वाह निधी आणि पेन्शन फंडातली मालकाची वर्गणी होती. आठव्या क्रमांकावर रूढ सवलत काढून घेणं. बाबा थेट आठव्यावर उडी मारायचे. “पॅसेज ही सवलत नाही, हा कमी दिलेला पगार आहे!” टाळ्या तिथेच पडत.

आता खोटं कशाला बोलू, ते तिकीट आम्हीही मनसोक्त वापरलं. आईचा पहिला विमानप्रवास त्याच्यावरच झाला. निघायच्या आधी बाबांनी सगळ्यांचे कपडे तपासले, कारण स्टाफच्या तिकिटावर नीटनेटकं दिसावं लागे. भावाची जीन्स त्यांनी उतरवायला लावली. “तिकीट फुकटचं आहे, ते कपड्यांवर दिसायला नको.”

मी पुढे एका राष्ट्रीयीकृत बँकेत लागले. १९९३ साली बँकांच्या संघटनांनी पेन्शनचा करार केला आणि १९९५ मध्ये त्याचे नियम आले. बँकेची पीएफमधली वर्गणी सोडायची आणि बदल्यात आयुष्यभर पेन्शन घ्यायची, असा सौदा. विकल्पाचा फॉर्म घेऊन मी बाबांकडे गेले. एवढे करार केलेला माणूस, त्याला नाही विचारायचं तर कुणाला?

“अगं, हातातला पीएफ सोडून आश्वासनावर सही करतेस? पेन्शन म्हणजे सब्लो. जागा उरली तर मिळेल.”

मी सही केली नाही. २०१० च्या करारात दुसरी संधी मिळाली तेव्हा पदरचे पैसे भरून आत शिरले. ते पैसे बाबांकडून वसूल करायचे राहिलेत, असं मी त्यांना अधूनमधून ऐकवते.

८ ऑक्टोबर २०२१ ला एअर इंडिया टाटांच्या कंपनीने १८,००० कोटींच्या बोलीवर जिंकल्याचं जाहीर झालं, तेव्हा आम्ही दोघं टीव्हीसमोर होतो. बाबांचे कितीतरी मित्र तिथले. टीव्हीवरचा माणूस अटी सांगत होता: एक वर्ष कुणाला काढणार नाहीत, ग्रॅच्युइटी आणि पीएफ कायद्याप्रमाणे. निवृत्तीनंतरची वैद्यकीय सोय आणि पॅसेज उद्योगातल्या प्रथेप्रमाणे. बाबांनी आवाज बंद केला.

“प्रथेप्रमाणे म्हणाला ना? मग संपलं.”

मी म्हटलं, तुमचा आठवा क्रमांक आहे की. तर म्हणाले, तो नोकरीत असलेल्या कामगारासाठी. निवृत्त माणूस टेबलाच्या ना या बाजूला, ना त्या.

आठवडाभरातच तिथल्या युनियनांनी २ नोव्हेंबरपासून संपाची नोटीस दिली. कॉलनीतली घरं सहा महिन्यांत रिकामी करायला सांगितली होती, त्याविरुद्ध. डोक्यावरचं छप्पर जात असताना माणूस दुसरं काय बोलणार, हे मला कळतं. बाबांनी ती बातमी दोनदा वाचली आणि एवढंच विचारलं, “पेन्शनचं काही आहे का गं यात?”

गावाकडे अजून समजतात की एअर इंडिया म्हणजे सरकारी नोकरी, म्हणजे पेन्शन. १९९४ मध्ये तिथे एक पेन्शन योजना झाली होती, पण तिच्या नावातच ‘सेल्फ काँट्रिब्युटरी’ होतं. स्वतःच घाला आणि स्वतःच घ्या. तिचाही वाद २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विक्रीच्या वेळी, डिसेंबर २०२१ पासून, सुमारे ७,४५३ कर्मचारी ईपीएफओकडे, म्हणजे केंद्राच्या भविष्यनिर्वाह निधी संघटनेकडे आले. भविष्यनिर्वाह निधीच्या जुन्या १९२५ च्या कायद्याखाली मालकाची वर्गणी १० टक्के होती, ती १२ झाली. शिवाय ईपीएस ही त्या संघटनेची पेन्शन योजना, म्हणजे दरमहा किमान १,००० रुपये पेन्शनची हमी.

बाबांना ते ऐकून बरं वाटलं. मी बँकेतली बाई, पाकिटाच्या मागे हिशेब मांडला. ईपीएसला पगार धरतात जास्तीत जास्त १५,०००. गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी या योजनेत आलेल्याची अठ्ठावन्नपर्यंत दहा वर्षं होतात. १५,००० गुणिले १०, भागिले ७०. महिना २,१४३ रुपये. आणि दहा वर्षं भरली नाहीत तर मासिक पेन्शनच नाही.

पेन्सिल बाबांची होती. त्यांनी ती घेतली, भागाकार पुन्हा करून पाहिला आणि उत्तराखाली रेघ मारली.

बाबा आता पंच्याऐंशीचे आहेत. गुडघ्यांमुळे विमानाचा जिना सोडा, सोसायटीचा जिनाही होत नाही. मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. दर महिनाअखेरीला सकाळी, चहाच्याही आधी, ते आतून हाक मारतात, “झाली का गं तुझी जमा?”