तीन तासांची गाईड

इटलीत टूर घेऊन जाणाऱ्या कुठल्याही मराठी टूर मॅनेजरला पादोवा विचारा, तो तुम्हाला हॉटेलचं नाव सांगेल. व्हेनिसमध्ये राहणं परवडत नाही, व्हेनिसला लागून असलेल्या मेस्त्रेतली हॉटेलं भरलेली असतात, मग ग्रुप पादोवात झोपवायचा. रात्री उशिरा पोचायचं, डाळभात वाढायचा, सकाळी साडेसातला बॅगा खाली. मीही तिथे पुष्कळ रात्री काढल्यात, पण रिंग रोडवरचं हॉटेल आणि शेजारचा पेट्रोल पंप यापलीकडे गाव म्हणून काही पाहिलं नव्हतं. त्यामुळे एका प्रायव्हेट बुकिंगमध्ये 'पादोवा, पूर्ण दिवस' असं आलं तेव्हा मीही पाहुण्यांइतकाच नवखा होतो.

कुटुंब वसईचं. ऐंशी ओलांडलेल्या आजी, दोन मुलगे, दोन सुना आणि थोरल्याची कॉलेजात जाणारी मुलगी. आजींची अट एकच: संत अंतोनीची कबर बघायची. बाकी रोम, पिसा, व्हेनिस तुम्ही काहीही दाखवा. थोरल्याने यूट्यूबवर जोत्तोची चित्रं असलेलं स्क्रोवेन्यी चॅपल पाहिलं होतं, म्हणून तेही त्याच दिवसात बसवलेलं.

बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं, की इटलीत मला ग्रुपला काही समजावून सांगायची परवानगी नाही. ते काम लायसन्स असलेल्या गाईडचं. २०२३ साली तिथे त्यासाठी नवा कायदाच आला. माझं काम माणसं मोजणं, तिकिटं सांभाळणं आणि टॉयलेट कुठे आहे ते आधीच हेरून ठेवणं. शिवाय, लोकांना वाटतं तसं प्रायव्हेट टूर म्हणजे आराम नव्हे. पंचेचाळीस जणांच्या बसमध्ये भांडणं विरघळून जातात. सहा माणसांत जायला जागा नसते. या दोन भावांचं काहीतरी बिनसलेलं होतं, हे मला रोममध्येच कळलं होतं. जेवणाचं बिल थोरला द्यायचा, आणि धाकटा न बोलता आपल्या बशीखाली नोटा ठेवून उठायचा. थोरला त्या नोटांना हात लावायचा नाही. शेवटी मी त्या उचलून धाकट्याच्या बायकोकडे द्यायचो. विचारायचं नाही, हे या धंद्यात लवकर शिकतात.

पादोवाच्या दिवसाचं सगळं गणित चॅपलभोवती फिरतं. ऑफिसमध्ये बसून आयटिनररी करणाऱ्यांना ते कधीच कळत नाही. त्यांना नकाशावर 'चालत बारा मिनिटं' दिसतं, त्यात आजींचे गुडघे दिसत नाहीत. स्क्रोवेन्यीत एका वेळी जास्तीत जास्त पंचवीस माणसं सोडतात. आधी काचेच्या खोलीत पंधरा मिनिटं बसवतात, कारण आपल्या अंगाबरोबर आलेली धूळ आणि दमट हवा सातशे वर्षांच्या भिंतींना सोसत नाही. मग आत पंधरा मिनिटं. वेळ हुकली तर तिकीट गेलं, कितीही गयावया करा. आमची वेळ सव्वाबाराची. गाईड साडेनऊपासून तीन तासांसाठी घेतलेली. म्हणजे चॅपलचं दार उघडेल तेव्हा तिचे तास संपलेले असणार, हे व्हाऊचर बनवणाऱ्याच्या लक्षातच आलं नव्हतं. मी ते आदल्या रात्री फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "बघू."

गाईड साठीची असावी. आखूड पांढरे केस, गळ्यात ओळखपत्र, पायात झिजलेले कॅनव्हासचे बूट. झेंडा नाही, छत्री नाही. रोममधले काही गाईड टेप लावल्यासारखे बोलतात. तुम्ही मध्ये प्रश्न विचारला तर ते मागच्या वाक्यापासून पुन्हा सुरू करतात. ही पहिली दहा मिनिटं काही बोललीच नाही. सगळ्यांचं चालणं बघत होती. आजींनी वसईचं लाल चौकड्यांचं लुगडं नेसलं होतं, वर सुनेचं जॅकेट. त्यांनी पिशवीतून सुकेळी काढून तिच्या हातावर ठेवली. तिने वास घेतला, पान सोलून तिथेच खाल्ली आणि विचारलं, "हे केळं आहे?" आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हुशार दिसते."

संत अंतोनीच्या बासिलिकात, म्हणजे त्याच्या मोठ्या चर्चमध्ये, कबरीच्या मागच्या बाजूला एक काळपट शिळा आहे. लोक रांगेने येऊन तिच्यावर तळहात टेकवतात. आजूबाजूला नवसाचे फोटो: अपघातात चेपलेल्या गाड्या, नवजात बाळं, हॉस्पिटलच्या खाटा. आजींनी हात टेकवला तो बराच वेळ काढला नाही. मागे पोलंडचा एक ग्रुप खोळंबला, पण कोणी चकार शब्द काढला नाही. मी मात्र घड्याळ बघत होतो. नंतर मागच्या चॅपलमध्ये संताची जीभ ठेवलीय, तिच्यापुढे आजी उभ्या राहिल्या. १२३१ मध्ये वारलेल्या माणसाची कबर १२६३ मध्ये उघडली तेव्हा ही जीभ शाबूत मिळाली, अशी श्रद्धा आहे. शिकल्यासवरलेले पाहुणे इथे नाक मुरडतात. आजी जुन्या गोव्याला फ्रान्सिस झेवियरच्या शवदर्शनाला जाऊन आलेल्या. त्यांना यात नवल काही वाटलं नाही. "हा तर लिस्बनचा, पादोवाचा नव्हेच," असं त्यांनी नातीला ऐकवलं. गाईडने मला विचारलं त्या काय म्हणाल्या, मी सांगितलं, आणि तिने आजींना वाकून नमस्कारासारखं काहीतरी केलं. गावातल्या माणसाने हे कबूल करणं सोपं नसावं.

कबरीभोवतीच्या भिंतींवर संगमरवरी शिल्पपट आहेत. त्यातला एक तुल्लिओ लोम्बार्दोने १५२५ मध्ये केलेला. गाईड तिथे थांबली. एक कंजूष सावकार मेलाय. अंतोनी म्हणतो, याचं काळीज याच्या छातीत नाही, पेटीत शोधा. छाती फाडून बघतात तर खरंच काळीज नाही, आणि ते पैशांच्या पेटीत सापडतं. अंतोनी आयुष्यभर सावकारीविरुद्ध बोलला, असं तिने सांगितलं. मी मराठीत सांगत गेलो. थोरला शिल्पाच्या कडेचा एक चिरा निरखत होता. मला वाटलं, त्याला कोरीवकामात रस आहे.

तिथून ट्रामने पुढे. पादोवाची ट्राम रबरी टायरवर, मध्ये एकाच रुळाचा आधार धरून चालते. धाकटा पहिल्यांदाच मोकळेपणी बोलला, तेही ड्रायव्हरच्या केबिनकडे बोट दाखवून. मग पालात्सो देल्ला राजोने. खाली बाजार: मांस, चीज, मासळी, वर कचेरीचा दिवाणखाना. ऐंशी मीटरहून लांब, मध्ये एकही खांब नाही. बाहेर कमानीखाली दगडात मापं कोरलीत, विटेचं माप, कापडाचं माप, म्हणजे गिऱ्हाइकाला संशय आला तर तिथल्या तिथे तपासून बघायचं. मला हे फार आवडलं. आपल्याकडच्या प्रत्येक भाजी मंडईच्या दारात असा एक दगड पाहिजे.

वर, एका कोपऱ्यात, बसायच्या स्टुलाएवढा काळा दगड आहे. लाजेचा दगड. गाईडने सांगितलं: कर्ज फेडता न येणाऱ्याला भरल्या सभेत अंगावरचे कपडे काढून, फक्त आतल्या कपड्यांवर, या दगडावर तीनदा बसवायचे. 'माझी मालमत्ता सोडतो' असं त्याने तीनदा म्हणायचं. मग त्याला शहराबाहेर घालवायचे. परत आलाच, तर पुन्हा बसवून डोक्यावर पाण्याच्या बादल्या. हा तिचा नेहमीचा हशा मिळवायचा मुक्काम असणार, कारण तिने पाठोपाठ विचारलं, "तुमच्यापैकी कोण बसणार?"

कोणी हसलं नाही. धाकटा दगडाकडे बघत राहिला. थोरला वळला आणि त्या दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या लाकडी घोड्याकडे चालू लागला. ऐंशी मीटर, आणि त्याच्या बुटांचा आवाज पूर्ण ऐकू येत होता.

आजींनी मला विचारलं, "आणि तीनदा बसलं की कर्ज सुटायचं?"

मी गाईडला विचारलं. ती म्हणाली, हो, तुरुंग टळायचा. त्याआधी बुडीत माणसाला तुरुंगातच टाकत. १२३१ मध्ये नियम बदलला, तो अंतोनीच्याच सांगण्यावरून.

"मग बरंच की," आजी म्हणाल्या. "बसला आणि सुटला."

हे मी गाईडला शब्दशः सांगितलं. तिने आजींकडे पाहिलं, मग धाकट्याकडे, मग लांब घोड्यापाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या थोरल्याकडे. पुढे बोलली नाही.

जिना उतरताना धाकट्याच्या बायकोने मला सांगितलं. यांचा लग्नाच्या हॉलचा धंदा कोरोनात बसला. बँकेचं कर्ज भावोजींनी फेडलं, स्वतःच्या वाट्याची केळीची वाडी विकून. "ते कधी बोलून दाखवत नाहीत," ती म्हणाली, "पण विसरूही देत नाहीत." या दोन वाक्यांत मला रोमपासूनच्या सगळ्या नोटा समजल्या.

आता मला चॅपलची धास्ती वाटू लागली. कारण ते चॅपल म्हणजे सावकाराच्या पोराने बांधलेलं देऊळ. एन्रिको स्क्रोवेन्यीचा बाप रेजिनाल्दो व्याजबट्ट्यात इतका गाजलेला की दान्ते कवीने आपल्या काव्यात त्याला नरकात बसवलाय. दाराच्या भिंतीवर अंतिम न्यायाचं मोठं चित्र आहे, त्यात खाली नरक, आणि नरकात व्याजखोर स्वतःच्या पैशांच्या थैलीच्या नाडीने लटकलेले. कुठलाही गाईड हे सोडणार नाही. सकाळपासून शिल्पपट, मग दगड, आणि आता हे. बाई मुद्दाम तर करत नाही ना, असंही मनात येऊन गेलं.

आत जास्त बोलता येत नाही, म्हणून तिने बाहेरच्या बाकावर प्लास्टिकमध्ये मढवलेली चित्रं काढली. नरक काढलाच नाही. तिने योआकिम आणि अ‍ॅनाची, म्हणजे मारियेच्या आईबापांची गोष्ट लावली. मूल नाही म्हणून योआकिमला मंदिरातून हाकलतात. तो घरी जात नाही. मान खाली घालून रानात धनगरांकडे जातो. धनगर एकमेकांकडे बघतात, काय बोलावं त्यांना कळत नाही. "यांचे डोळे बघा," ती म्हणाली, "खजील झालेल्या माणसाशी कसं वागायचं हे कोणालाच येत नाही." शेवटी वेशीवर अ‍ॅना त्याला भेटते.

काचेच्या खोलीतली पंधरा मिनिटं, मग आत. निळं छत, सोनेरी तारे, हे तुम्ही फोटोत पाहिलं असेल. फोटोत त्या निळ्याची खोली येत नाही. आजींना योआकिम लगेच ओळखू आला. त्यांनी नातीला धरून भिंतभर, एकेका चौकटीपाशी, सगळी गोष्ट सांगायला सुरुवात केली. लायसन्स नव्हतं, पण गाईड शेजारी उभी राहून ऐकत होती. वेशीवरच्या त्या भेटीत दोघांचे चेहरे असे एकमेकांत मिसळलेत की एकच चेहरा वाटावा. धाकटा तिथेच थांबला.

शेवटच्या चार-पाच मिनिटांत पोरगी दाराच्या भिंतीकडे वळली आणि मोठ्याने म्हणाली, "बाबा, ही माणसं पिशवीच्या नाडीला का लटकवलीत?"

थोरल्याने वर पाहिलं. गाईडला मराठी कळायचं कारण नव्हतं, पण बोट कुठे रोखलंय ते दिसत होतं. "व्याजाने पैसे देणारे," तिने इंग्रजीत, सपाट आवाजात सांगितलं.

थोरला म्हणाला, "मी व्याज घेतलं नाही." कोणाकडेच न बघता, मराठीत.

मी याचं भाषांतर केलं नाही. धाकटा भावाजवळ जाऊन उभा राहिला, हातभर अंतर ठेवून. तेवढ्यात दार उघडलं आणि पुढचे पंचवीस जण काचेपलीकडे दिसू लागले.

त्यानंतर काफे पेद्रोकी. १८३१ पासूनचं. तिथल्या हिरव्या दालनात पूर्वी काही न मागवताही बसता यायचं, गरीब विद्यार्थी तिथे तासन्‌तास बसायचे. पुदिन्याच्या क्रीमची कॉफी आली, ती ढवळायची नसते, आजींनी ढवळली. गाईडचा जास्तीचा तास झाला होता. मी ऑफिसला फोन लावतोय तोवर धाकट्याने पाकीट काढून तिला पैसे दिले. थोरल्याचा हात खिशापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. तिने रीतसर पावती फाडून धाकट्याच्या हातात दिली. त्याने ती घडी करून पाकिटात ठेवली, नोटा ठेवायच्या कप्प्यात.

निघताना मी तिला गाठलं. दगडापाशी तुम्हाला कळलं होतं का? आणि नरक मुद्दाम वगळला का? ती म्हणाली, "मी चित्रांबद्दल बोलले." आणि ट्राम पकडायला गेली.

मला अजून ठरवता येत नाही. माहीत नसताना दगडाशी थट्टा केली, मग माहीत झाल्यावर योआकिम लावला, असं मी धरतो. पण रानातल्या धनगरांची गोष्ट ती काही प्रत्येक ग्रुपला सांगत नसेल, या कुटुंबाला तिने तो प्रसंग दाखवला, तो सकाळपासून त्यांना बघून. आमच्या इथे गाईडला मार्क देतात ते वेळ पाळणं, इंग्रजी आणि हसतमुखपणा यांचे. बघण्याचे मार्क नाहीत. गंमत म्हणजे प्रायव्हेट टूरचा फीडबॅक फॉर्म ज्याच्या नावावर बुकिंग असतं त्यालाच जातो, म्हणजे थोरल्याला. त्याने पाचपैकी तीन दिले. शेरा: 'गाईड अभ्यासू. पैशांविषयी जरा जास्त बोलते.'

त्यावरून ऑपरेशन्सने मला मेल केली, हिला यादीतून काढायचं का. मी कळवलं, काढू नका, उलट पुढच्या वेळी तीनऐवजी चार तास घ्या. उत्तर आलं: चौथ्या तासाचे पैसे कोणाच्या खात्यातून?